चपला अडकवून जाता येईल अशी खायची ठिकाणं, तुमच्या गल्लीतली सांगा

परवा रविवारी सकाळी सिलिंडर संपला. दुसरा भरलेला आहे असं मी गृहीत धरून बसले होते, तो नव्हता, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं आणि मग नवरा बर्मुड्यावर शर्ट अडकवून खाली गेला नि दहा मिनिटांत इडल्या घेऊन आला. आमच्या इथे कर्वेनगरला कोपऱ्यावर एक काकू ॲक्टिव्हावर येतात. पायाशी इडल्यांचा मोठा स्टीलचा डबा, मागच्या सीटला दोरीने बांधलेलं सांबाराचं थर्मास, चटणी डिकीत. सव्वासातला येतात, नऊला डिकी रिकामी. सहा वर्षं झाली, मला त्यांचं नाव माहीत नाही, त्यांना माझं माहीत नाही, पण मी दिसले की त्या चटणी वेगळ्या पिशवीत बांधायला घेतात, कारण आमच्या चिरंजीवांना इडलीला लागलेली चटणी चालत नाही हे त्यांना पाठ आहे.

तर अशी ठिकाणं लिहा. अट एवढीच की घरातल्या कपड्यांवर जाता आलं पाहिजे, गाडी काढावी लागता कामा नये आणि दोघांचं दीडशे-दोनशेत भागलं पाहिजे. वैशाली-गुडलकबद्दल लिहू नका, म्हणजे एफसी रोडला घर असेल तर लिहा बापडे. पाहुण्यांना कौतुकाने दाखवायला नेतो ती ठिकाणं वेगळी आणि कुकर लावायचा कंटाळा आला म्हणून जातो ती वेगळी, मला दुसरी हवीत.

* * *

मग आम्ही दादरकरांनी काय करायचं? आमच्या चपलेच्या टप्प्यात जे आहे ते सगळंच फेमस!

रानडे रोडच्या मागे राहते. पाच मिनिटांवर छबिलदासच्या गल्लीत श्रीकृष्णचा वडा, तसंच स्टेशनकडे गेलं की मामा काणे, उलट्या दिशेला प्रकाशचा साबुदाणा वडा आणि पियूष, सेनाभवनासमोर आस्वाद. आस्वादच्या मिसळीला २०१५ साली लंडनच्या फूडी हबचं जगातल्या सगळ्यात भारी शाकाहारी पदार्थाचं बक्षीस मिळालं तेव्हा सगळी बिल्डिंग खूश आणि आमच्या खालचे आजोबा एकटेच तोंड पाडून, म्हणे आता आपल्याला बसायला जागा मिळायची नाही. तेव्हापासून ते दुपारी साडेतीनला मिसळ खायला जातात, भर उन्हात, टोपी घालून. आणि वडापावचं तर काय बोलायचं, १९६६ मध्ये अशोक वैद्य यांनी दादर स्टेशनबाहेरच गाडी लावून तो सुरू केला असं सगळे सांगतात, म्हणजे तोही आमच्या वॉर्डातलाच.

पण खरं सांगू, मी आठवड्यातून दोनदा जिथे जाते ते ह्यातलं एकही नाही. फूलबाजाराजवळ सकाळी सहाला एक जण पोहे आणि उपमा घेऊन बसतो. गिऱ्हाईक म्हणजे फुलवाले, हमाल, रात्रपाळी संपवून लोकल पकडायला निघालेले वॉचमन, आणि मी. पोह्यांवर खोबरं नाही, शेव नाही, एक लिंबाची फोड आणि मीठ लावून तळलेली मिरची, बस्स. झेंडूच्या ढिगाशेजारी उभं राहून खायचे, त्यामुळे मला आता कुठेही झेंडूचा वास आला की भूक लागते. घरी मी मॉर्निंग वॉकला जाते असं सांगितलेलं आहे. वजनाचं विचारू नका.

* * *

नागपूर. तर्री पोहे. विषय संपला.

* * *

विषय संपला काय भाऊ, ज्यांनी खाल्ले नाही त्यांना काय समजणार आहे. मी सांगतो. मी पण नागपूरचाच, प्रतापनगर.

पोहे साधेच असतात. खरी गंमत बाजूच्या गंजात. त्यात काळ्या चण्याचा रस्सा उकळून राहिला असते आणि वर लाल तेल तरंगते, ती तर्री. ठेलेवाला प्लेटीत पोहे टाकते, पळीनं आधी तेल बाजूला सारते, खालून चणे काढून पोह्यांवर टाकते, आणि मग पळी तशीच हवेत धरून तुमच्याकडे पाहते. त्या वेळेला सांगा लागते, तर्री मारा नाहीतर तर्री कमी. नवीन माणूस तिथंच ओळखू येते, त्याला समजतच नाही आपल्याला कायले पाहून राहिला हा. वरून कच्चा कांदा आणि सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर हो, इडलीवालं नाही. माझी बायको पुण्याची, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात मी तिला म्हटलं खाली जाऊन दहा रुपयाचा सांबार घेऊन ये, तर ती डबा घेऊन निघाली होती.

कस्तुरचंद पार्कजवळचे पोहे जगाला माहीत आहेत. माझा ठेला घरापासून दोनशे पावलांवर आहे, त्याले नाव नाही, बोर्ड नाही, एक निळी ताडपत्री आहे. शाळेत होतो तेव्हा बाहेर आलूपोंगा मिळे, पिवळे पोंगे बोटात घालून त्यानंच तिखट आलू उचलायचा. माझ्या पोरीनं आत्ता चौथीत तेच करून युनिफॉर्मवर डाग पाडून आणला, बायको चिडली, मी काही बोललो नाही.

* * *

डोंबिवली पूर्व. माझं ठिकाण हॉटेल नाही, पोळीभाजी केंद्र आहे. चालत असेल तर वाचा.

गेल्या वर्षी मुलीचं बाळंतपण झालं आणि बायको पुण्याला गेली ती आठ महिने. मला चहा आणि वरणभात येतो, तोही वरण कुकरने मनावर घेतलं तर. पहिले चार दिवस मित्रांकडे वगैरे झालं, मग एक दिवस स्टेशनवरून येताना ह्या केंद्रात शिरलो, जिथे मी आयुष्यात कधी गेलो नव्हतो, घरापासून सहा मिनिटं. दोन गाळ्यांएवढी जागा. पुढे काउंटरवर भाज्यांची पातेली, मागे अर्धं दार, त्या दारातून चार बायका दिसतात, दोघी लाटतात, दोघी भाजतात, आणि एकमेकींकडे न बघता अखंड बोलत असतात. फळ्यावर खडूने त्या दिवसाच्या भाज्या. जी संपली तिच्यावर ओला हात फिरवायचा, त्यामुळे साडेआठला फळ्यावर पांढरे फराटे आणि खाली एकटा दुधी.

आणि मी रोज साडेआठलाच पोचणार, कारण ऑफिस फोर्टला. महिनाभर दुधी खाल्ला. इतका की बायकोने फोनवर काय जेवलात विचारलं की नात मागून रडायची आणि मी म्हणायचो तेच. मग एक दिवस काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, काका तुम्ही सकाळी जाताना सांगून जा ना, काढून ठेवते. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ७.१४ च्या लोकलला पळता पळता ओरडून जायचो, भेंडी! आणि रात्री माझी पिशवी खिळ्याला टांगलेली असायची. तीन घडीच्या पोळ्या, एक भाजी, कधी आमटी. साठ ते ऐंशी रुपयांत रात्र निभायची.

तिथे उभं राहिलं की गावात काय चाललंय ते कळतं. कोण दोनच पोळ्या नेतं, कोणाच्या अचानक दहा झाल्या म्हणजे पाहुणे आले, कोणी पथ्याचं, बिनमिठाचं मागायला लागलं. अंगारकीला मोदकांचं बुकिंग आठवडाभर आधी संपतं आणि त्या दिवशी जी भांडणं होतात ती महापालिकेत होत नसतील. बायको परत आली, आता घरी सगळं रीतसर आहे. तरी बुधवारी मी तिथली डाळिंबी उसळ आणतो. ती म्हणते माझ्या उसळीला काय झालं. काही झालेलं नाही, हे तिला कसं समजावू.

* * *

ठाणेकर आहात का कोणी? गजाननचा वडापाव, ती पिवळी बेसनाची चटणी. वड्यापेक्षा चटणीसाठी जाणारे लोक आहेत, मी त्यातला एक.

* * *

कुंजविहार. वडा पावाच्या बाहेर येतो. चटणी कशाला लागते मग.

* * *

झालं सुरू! आणि मामलेदारच्या मिसळीला कोणी विचारलंच नाही. माझी मावशी तिथे पहिल्यांदा गेली आणि मीडियम मागितली, पाण्याचा जग एकटीने संपवला आणि बाहेर येऊन म्हणाली पुढच्या रविवारी परत येऊ.

* * *

मी परभणी जिल्ह्यातला, पुण्यात सदाशिव पेठेत सहा वर्षं काढली, स्पर्धा परीक्षा. घर म्हणजे तीन जणांत एक खोली, त्यामुळे गल्ली हेच घर होतं आणि मेस हेच किचन.

मेसचं गणित बाहेरच्याला कळायचं नाही म्हणून लिहितो. महिन्याचे साठ कुपन, दोन वेळचे. गावाकडे गेलो तर खाडा धरायचा का नाही यावर मालकाशी वाद, आमच्या मेसला तीन दिवसांच्या वर गेलो आणि आधल्या दिवशी वहीत लिहून गेलो तरच खाडा मिळायचा, दिवाळीला सगळीच पोरं जायची तेव्हा वहीत लिहायला पेन सापडायचा नाही. पोळ्या अनलिमिटेड पण भाजी एकदाच, मग काय करणार, पहिल्या दोन पोळ्या वरणात बुडवून खायच्या आणि भाजी शेवटच्या तीन पोळ्यांना पुरवायची, हे ज्याला जमलं तो सीनियर. रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे मसालेभात, पुऱ्या, एक गोड. आणि रविवारी रात्री मेस बंद. ही रविवारची रात्र म्हणजे काय असते ते पेठेत राहिलेल्यालाच माहिती, हजारो पोरं एकाच वेळी भुकेली रस्त्यावर.

आमचा एक भुर्जीवाला होता, शास्त्री रस्त्याच्या बाजूच्या बोळात. तव्यावर कांदा टाकला की उलथन्याच्या कडेने टकटकटकटक असा चुरायचा की दुसऱ्या मजल्यावर रूममध्ये कळायचं गाडी लागली. दोन अंड्यांत तिघांचं भागवायचं असलं तर तो न सांगता कांदा वाढवायचा. ११ मार्च २०२१ ला परीक्षा तीन दिवसांवर असताना पुढे ढकलली, त्या दिवशी आम्ही सगळेच नव्या पेठेत रस्त्यावर होतो, रात्री परत आलो तर मेस कधीच बंद झालेली, आणि तेव्हा कोरोनामुळे रात्रीची संचारबंदी असायची म्हणून हा पण आवराआवरीत. आम्ही सहा जण. तवा धुतलेला होता त्याने. परत पेटवला. चार प्लेट केल्या, उरलेला सगळा पाव दिला, आणि पैसे काढायला लागलो तर म्हणाला निकाल लागल्यावर दे.

मी पास झालो नाही. आता संभाजीनगरला एका खासगी कंपनीत आहे, बरं चाललंय. मागच्या वर्षी पुण्यात कामाला आलो तेव्हा मुद्दाम त्या बोळात गेलो, तिथे आता मोबाईल कव्हरचं दुकान आहे. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला गावाकडं गेला, कुठलं गाव ते त्याला पण माहीत नव्हतं. चार प्लेटचे पैसे राहिले ते राहिले.

* * *

वरचं वाचून मेसच्या भाजीचा वास आला अक्षरशः. फ्लॉवर-बटाटा-वाटाणा, सोमवार ते शनिवार.

* * *

चहा चालतो का धाग्यात? पुण्यात राहून अमृततुल्यबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणजे कमाल झाली.

नवीन निघालेली साखळीवाली नव्हे, जुनी, पेठांमधली, ज्यांची नावं बहुतेक अमुक-ईश्वर आणि तमुक-ईश्वर अशी असतात. ही बरीचशी दुकानं राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी चालू केलेली, आता तिसरी चौथी पिढी बसते आणि मराठी आपल्यापेक्षा शुद्ध बोलते. आमच्या शनिवार पेठेतल्या दुकानात दारातच ओटा आहे, त्यावर मालक बसतो, पुढ्यात स्टोव्ह आणि पितळेचं पातेलं. दूध, पाणी, साखर, चहा सगळं अंदाजाने, मोजताना मी त्याला कधी बघितलं नाही. आलं-वेलदोडा पितळी खलबत्त्यात कुटायचा, पातेल्यात टाकायचा आणि मग डावाने चहा वर उचलून पुन्हा सोडायचा, उचलून सोडायचा, मधेच डावाचा थेंब हाताच्या पाठीवर घेऊन चाटून बघायचा. हे सगळं होईस्तोवर पुढे उभी माणसं गप्प असतात, देवळात असावीत तशी. चहा कापडातून किटलीत गाळला की लगेच सगळे परत राजकारणावर.

बसायला दोन बाकं. माझे वडील रिटायर झाल्यावर रोज सकाळी तिथे पेपर वाचायला जायचे कारण घरी पेपर आईच्या हातात असायचा.

* * *

आमच्याकडं कोल्हापुरात चहाबिहा नंतर, आधी दूध. गंगावेशीत दूधकट्टा आहे. म्हशी तिथंच आणून बांधत्यात, तुमच्या समोर धार काढायची आणि फेसाचा ग्लास हातात. कोमट असतंय. पहिल्यांदा पिणाऱ्याला जरा कसंतरी वाटतंय, मिशीला फेस लागतोय, मग सवय होती. मी शुक्रवार पेठेतला, माझा आज्जा तालमीतनं परत येताना प्यायचा, वडील दुकान बंद करून यायचे, मी आता ऑफिसातनं येताना थांबतो, व्यायाम मात्र तिघांत एकट्या आज्जानंच केला.

आणि मिसळीबद्दल पुण्या-मुंबईचे एवढं बोलून राहिलेत म्हणून एकच सांगतो, आमच्यात मिसळीबरोबर पाव नसतोय, ब्रेड असतोय. जाड स्लाइस. कटात बुडवला तरी उचलताना मोडत नाही. कुणी पाव मागितला की मालक वळून बघतोय, पाव्हणं कुठलं?

* * *

पुण्यात बेडेकरांकडे पण ब्रेडच देतात हो मिसळीबरोबर. तेवढ्यावरून कोल्हापूर-पुणे तह होऊ शकतो.

* * *

गोड मिसळीशी तह नाही.

* * *

इंदूरहून लिहितोय, आमची मराठी जरा इंदौरी आहे, चालवून घ्या. रामबागेत जन्म, तीन पिढ्या इथेच.

सकाळी पोहे-जिलेबी, हे आता जगाला माहीत आहे. आमचे पोहे वाफेवर ठेवलेले असतात, खाली गरम पाण्याचं भगोणं, त्यामुळे दुपारी बारालाही नरम मिळतात. वर शेव, कांदा आणि जिरावन, म्हणजे आमचा भुरभुरायचा मसाला. जिरावन नसेल तर इंदूरचा माणूस प्लेट परत करेल. माझ्या ठिकाणी उसळ-पोहे पण मिळतात, आणि हे मला नागपूरच्या तर्रीवाल्या भाऊंना सांगायचंय की आपण चुलत आहोत. रात्री सराफा. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांवर खाण्याची दुकानं लागतात. तिथला भुट्टे का कीस सगळे हिंदीत मागतात, पण कीस हा शब्द आपला, खोबऱ्याचा कीस, बटाट्याचा कीस, तसा मक्याचा. माझी आजी हे प्रत्येक पाहुण्याला सांगायची, सराफ्यातल्या दुकानदाराला पण सांगितलं होतं एकदा, तो बिचारा म्हणाला हां माताजी और दूं क्या.

घरातल्या कपड्यांवर जाता येतं का? इंदूरमध्ये लोक पोहे खायला नाइट ड्रेसवरच येतात, तो प्रश्नच नाही.

* * *

म्हापसा, गोवा. बाहेरचे येतात आणि भाजी-पाव मागवून पावभाजीची वाट बघत बसतात, ती इथे वेगळी. आमची पातळ भाजी म्हणजे वाटाण्याची, खोबऱ्याची, पावाने पुसून खायची. सुकी म्हणजे बटाट्याची. ठरवता येत नसेल तर मिक्स. सोबत एक मिरची भजी, नंतर बन, केळ्याचा, गोडसर, तो चहात बुडवायचा. पणजीत कॅफे तातो, कॅफे भोसले आहेतच, पण प्रत्येक वाड्याचं आपलं एक असतं. मी ज्या ठिकाणी जाते तिथे चार टेबलं आहेत आणि सकाळी साडेसातला कुठल्या टेबलावर कोण बसणार हे ठरलेलं असतं, नवरा एकदा चुकून एका भाटकारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, खुर्चीत बसला, त्यांनी उभ्याने चहा प्यायला, काही बोलले नाहीत, पण पूर्ण वेळ त्याच्याकडे बघत होते.

* * *

बडोद्याची शेव उसळ राहिली. गुजराती मित्र म्हणतात ती त्यांची, मी म्हणतो मिसळ सासरी गेली. दोघेही खातो.

* * *

थोडं वेगळं लिहितो. सासरे आमच्या जिल्ह्याच्या सिव्हिलला अठरा दिवस होते. घरून डबा येणं शक्य नव्हतं, घर पन्नास किलोमीटरवर. पहिल्या दिवशी बाहेरच्या एका हॉटेलात दोघांचं जेवण सव्वातीनशे झालं आणि भाताला वास येत होता, नाव लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी वॉर्डातल्या मावशींनी गेटजवळचं शिवभोजन केंद्र दाखवलं. दहा रुपये. दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. ताट घेण्याआधी मोबाईलवर तुमचा फोटो काढतात, पहिल्या दिवशी मला फार लाज वाटली, मी नोकरदार माणूस, महिन्याला पगार येतो, माझा फोटो कशाला, म्हणून मागे सरकलो. मागचा माणूस म्हणाला, साहेब पुढं व्हा, थाळ्या मोजक्या असतात.

२०२० च्या २६ जानेवारीला ही योजना सुरू झाली तेव्हा मी तिच्यावर चिकार बोललो होतो, ऑफिसात, हातात ऑफिस कँटीनचं सबसिडीवालं ताट घेऊन. असो. वरण पातळ असायचं पण गरम असायचं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून वाढणारी मुलगी मला पाहिलं की विचारायची, पेशंट कसाय? दुसऱ्या कुठल्या हॉटेलात हा प्रश्न मेन्यूत नसतो. सासरे बरे झाले, आता घरी आहेत आणि वरण पातळ झालं की कुरकुर करतात.

* * *

लालबाग. वय ७१, मुलगी टाइप करून देते आहे, चुका तिच्या.

स्वस्त खाणं म्हटलं की आम्हाला खाणावळच आठवते. गिरणीत कामाला आलेले गाववाले एका खोलीत दहा-बारा, पाळीपाळीने झोपायचे, स्वयंपाक कुठे करणार? चाळीत एखादी बाई वीस-पंचवीस जणांना जेवू घालायची. पैसे महिन्याला, पगार झाला की. माझी आई हे करायची. आमच्या खोलीत दोन वेळा तीन पंगती, पहिल्या पाळीची, दुसऱ्या पाळीची, रात्रपाळीची, आणि मी अभ्यास गॅलरीत. बांगड्याचं कालवण असलं की कोणी गावच्या आठवणी काढायचे, आई मुद्दाम त्या दिवशी भात जास्त टाकायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अशा बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्याआधी सावकाराचं व्याज भरण्यात निम्मं जायचं. मग १९८२ चा संप. जेवणारे होते, पैसे नव्हते. काही गावी गेले ते वही तशीच ठेवून. ती वही आईने शेवटपर्यंत ट्रंकेत ठेवली होती, वसुलीसाठी नाही, त्यात त्यांचे गावचे पत्ते होते.

आता चपला घालून लाडू सम्राटला जातो, कोथिंबीर वडी खातो. मुलगी म्हणते आहे तेलकट नको हेही लिहू का. लिही.

* * *

बाबांच्या वतीने: आठवड्यातून तीनदा जातात.

* * *

नाशिक. माझी तक्रार आहे. आमच्या कॉलनीच्या मागे एक छोटी मिसळ होती, पत्र्याची शेड, सहा बाकं, मटकी मऊ, रस्सा काळपट, पापड वेगळा मागावा लागायचा. कोणीतरी येऊन रील केलं. पंधरा दिवसांत गल्लीत गाड्या लावायला जागा नाही, महिन्यात शेडच्या जागी झोपाळे आले, बैलगाडीचं चाक आलं, सेल्फीसाठी जातं आलं, वेटरला फेटा आला. मिसळ बरी आहे अजून, खोटं बोलणार नाही. पण आता मला आत शिरताना विचारतात, किती जण? मी एकटाच असतो की रे, चौदा वर्षं एकटाच येतोय.

म्हणून मी माझं आत्ताचं ठिकाण ह्या धाग्यात सांगणार नाही. माफ करा.

* * *

नाशिककर दादांना पूर्ण पाठिंबा. सायंतारा साबुदाणा वडा तेवढा सांगून टाका, तो आधीच सगळ्यांना माहितीये.

* * *

धागाकर्ती परत आले. सगळं एका बैठकीत वाचून काढलं, भुर्जीवाल्याच्या इथे थांबले होते थोडा वेळ. नवऱ्याला आलूपोंग्याचं वाचून दाखवलं तर आता त्याला पुण्यात तो कुठे मिळतो ते हवंय, माहीत असेल तर लिहा. आणि सिलिंडर मंगळवारीच आला, तरी आज इडल्याच आणल्या.

* * *

ताई, ॲक्टिव्हावाल्या काकू नक्की कुठल्या कोपऱ्यावर? मी वारज्याला राहतो, मला चालत यायला हरकत नाही. तुमचं नाव सांगितलं तर सांबार जास्त देतील का?

* * *

गणपतीच्या देवळापासून डावीकडे, दुधाच्या बूथसमोर. साडेआठच्या आत या. आणि नाव सांगून काय उपयोग, त्यांना माझं नाव माहीत नाही. चटणी वेगळी बांधून घेणाऱ्या बाईंनी पाठवलं म्हणा.